पाद्रीबाबांच्या वाद्याला आमचा भोपळा

माझ्या हातून आयुष्यात पाप म्हणावं असं एकच काम झालं, आणि तेही भोपळ्यापायी. चोरी नाही, मारामारी नाही, कोणाचा बांध कोरला नाही. भोपळा! ऐकणारा हसतो. हसा बाप्पा, खुशाल हसा. आता मीही हसतो. पण त्या वर्षी अकोल्याला मिस्त्रीच्या दारात उभा होतो तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. मोठे हुकूम नागपुराहून यायचे, भाजीचे भाव मात्र इतवारा बाजारातच ठरायचे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते माय टोपल्यात घालून बाजारात न्यायची. माय म्हणजे तोफ. कोणासाठी थांबणं तिला ठाऊक नव्हतं; जेवायला एकदा हाक मारली आणि आलो नाही, तर ती भाकरी सरळ म्हशीपुढे जायची. वडील वारल्यावर मळा माझ्याकडे आला. मी पंचविशीतला, सातवी पास, आणि डोक्यात हवा भरपूर.

हवा कशाची, तर विहिरीमागच्या कडू भोपळ्यांची. हा भोपळा खायचा नसतो, तो सतारीला आणि तंबोऱ्याला लागतो. वेलावर टिकून राहणाऱ्या फळाखाली गवताची चुंबळ ठेवायची. दर आठ दिवसांनी फळ थोडं फिरवायचं, नाहीतर एका अंगानं चपटं होतं. वेल सुकला की उतरवायचं आणि माळ्यावर दोन-तीन वर्षं त्याचं नावही काढायचं नाही. पण सगळ्यात मोठा नियम वेगळाच. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते सडलंच म्हणून समजा. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं.

पाद्रीबाबांची आणि आमची ओळख झाली ती ह्या बोटावरून. मळ्याला लागून मिशनचं आवार होतं. तिथले म्हातारे पाद्री एकदा कुंपणाशी आले आणि भोपळ्याकडे सरळ बोट करून काही विचारायला लागले. मायनं पुढचा-मागचा विचार न करता त्यांच्या हातावर चापट मारली. "काहून बोट दाखवून राहिले जी? सडन ना थे!" सहा फूट उंच माणूस, छातीपर्यंत पांढरी दाढी, पायघोळ झगा, त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे लपवला आणि म्हणाले, "चुकलं माय. मले ठाऊक नव्हतं."

मी तोंडाला पदर लावायचा बाकी राहिलो. पण बाबा मराठी शिकले होते ती बाजारात आणि विहिरीवर, त्यामुळे बोलायचे अस्सल आमच्यासारखं. पुण्याहून बदलून आलेले एक मास्तर त्यांना म्हणाले, तुम्हाला कोणीतरी शुद्ध मराठी शिकवली पाहिजे. बाबा म्हणाले, "काहून जी, हे का फारसी हाय?"

मग एका दुपारी कुंपणापलीकडून तारांचा आवाज आला. सतारीचा नव्हता. सतार झणझणते, हा आवाज मऊ होता, जरासा घोगरा, घसा न खाकरता बोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मी पाणी द्यायचं सोडून कुंपण ओलांडलं. बाबा पडवीत बसून मांडीवर वाजवत होते ते वाद्य म्हणजे सतारीची मावसबहीण. पोट फुगीर, मान आखूड, आणि खुंट्यांचा भाग मागे काटकोनात वाकलेला. तेरा तारा, त्याही आतड्याच्या. पुढच्या फळीत मधोमध कोरलेली गोल जाळी. ते त्याला ल्यूट म्हणायचे. हातात दिलं तर मी दचकलो, रिकाम्या टोपलीएवढंही वजन नाही! पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्यांची होती, खरबुजाच्या फाकांसारख्या एकीला एक चिकटवलेल्या. सांधा बोटाला लागत नव्हता. मी भोपळा सोडून कशापुढेही मान लववत नसे, पण त्या पाठीवरून मी तीन वेळा हात फिरवला.

"कोणं केलं हे?"

"माह्या बापानं."

बाबांचा बाप डोंगरातल्या एका गावी सुतार होता. संध्याकाळी गावातले ल्यूट वाजवणारे त्याच्याकडे जमत. बाबा एकोणिसाव्या वर्षी धर्माच्या शिक्षणाला गेले, तिथून जहाजावर, तिथून आमच्या वऱ्हाडात. बापाची पुन्हा गाठ पडली नाही. मेल्याची बातमी पत्रानं आली. "पत्र पोचलं तोवर मातीवर गवत उगवलं असन," बाबा म्हणाले. "माती द्यायले मी नव्हतो. पण थो असाच बोले, घोगरा. हे वाजवलं का मले त्याचा आवाज येते."

मग त्यांनी मला जाळीतून आत पाहायला लावलं. आत, पाठीला चिकटवलेला एक पिवळा कागद होता. त्यावर बापाच्या अक्षरात लॅटिनमधली एक ओळ. लॅटिन ही त्यांची देवळातली भाषा, आपली संस्कृत असते तशी. पण बापानं मंत्र लिहिला नव्हता. गावातले वाजवणारे एकमेकांची थट्टा करत, त्यातलीच एक ओळ त्यानं कोणा शिकलेल्याकडून लॅटिनमध्ये करून घेतली होती. सोवळं नेसवलेली थट्टा! जाळीतून तिचा पहिला शब्द तेवढा दिसे: मानेते. म्हणजे थांबा. पुढचं सगळं जाळीआड. लहानपणी बाबांनी विचारलं की बाप म्हणायचा, तारा लावायला शीक, मग सांगतो. ते शिकायच्या आत ह्यांनी घर सोडलं.

"मग आता उघडून वाचा ना," मी म्हणालो.

"चांगल्या वाद्याचं पोट फाडू? काहून? कधी मोडलं तर वाचीन."

त्यांचं बोलणं कळ दाबल्यासारखं खरं झालं. पुढच्या वैशाखात बाबा आजारी पडले आणि त्यांना दोन महिने वर चिखलदऱ्याला पाठवलं. ल्यूट खालीच पेटीत राहिली. अमरावतीचा उन्हाळा, वर वाळवी. परत येऊन पेटी उघडली तर पाठीच्या तीन पट्ट्या सांध्यात उकललेल्या आणि बुडाशी पोखरलेल्या.  दोन दिवस बाबा मळ्याकडे आले नाहीत.

अकोल्याला एक सतार करणारा मिस्त्री होता, आमचे भोपळे तोच घ्यायचा. मी म्हणालो, मी घेऊन जातो. बाबांनी वाद्य गोधडीत गुंडाळलं आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, खुंट्यांची मान वाकडीच असते, ती सरळ करायची नाही. दोन, फक्त उकललेलं जोडायचं, पोखरलेलं भरायचं, बाकी काही म्हणता काही बदलायचं नाही. दोन्ही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतल्या.

मी एका खांद्याला गोधडी आणि दुसऱ्याला पोतं घेऊन गाडीत बसलो. पोत्यात माझा तीन वर्षं वाळवलेला भोपळा होता, माझ्या हातून झालेला सगळ्यात देखणा. मिस्त्री तो कधीचा मागत होता आणि मी देत नव्हतो. त्या दिवशी नुसता दाखवायला नेला होता, शेखी मिरवायला.

मिस्त्रीचं दुकान मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. माणूस पन्नाशीचा, काटकुळा, कानामागे कायम पेन्सिल. दुकानात कोणी ना कोणी सतार घेऊन बसलेलं असायचंच, आणि त्या सगळ्यांचं एक ब्रीदवाक्य होतं. "काय जी, वाजवता का?" असं विचारलं की खुंटी पिळत उत्तर यायचं, "थांबा, लावून राहिलो." म्हणजे सूर जुळवतो आहे. तासानं विचारा, तेच उत्तर. हे वाक्य दुकानातून निघून गल्लीभर पसरलं होतं. टांगेवाल्याला म्हटलं, निघतो का? "थांबा, लावून राहिलो." मिस्त्रीच्या बायकोनं चुलीपाशी विचारलं, नाहायला उठता का? तेच.

मिस्त्रीनं गोधडी सोडली, वाद्य उलटं केलं आणि "अरेरे" म्हणाला. मान वाकडीच असते हे मी लगेच सांगून टाकलं. तो मान पाहतच नव्हता. तो पाठ पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत दया होती.

"गरिबाघरचं हाय बिचारं," तो म्हणाला. "त्याहीच्या मुलकात भोपळाच होत नसन. पाह्य ना, पट्ट्या जोडू जोडू भोपळ्याचं सोंग केलं. किती मेहनत केली असन बाप्पा, एका भोपळ्यासाठी!"

आता खरं सांगतो. बाबांचं दुसरं सांगणं मी विसरलो नव्हतो. ते जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. कारण मिस्त्रीची नजर माझ्या पोत्याकडे गेली होती, आणि मला वाटलं, ह्याहून मोठं दान कोणतं? कुठल्या कुठल्या डोंगरातलं वाद्य, आणि त्याला वऱ्हाडच्या काळ्या मातीतला भोपळा! मी पोत्याचं तोंड सोडलं. मिस्त्रीनं भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि मान डोलावली. मी फुगलो.

आतल्या कागदाची आठवण झाली तेव्हा परतीच्या गाडीनं मुर्तिजापूर सोडलं होतं.  मनाला म्हणालो, मिस्त्री जपणारा माणूस आहे, ठेवील काढून. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. वांगी तोडायला आली होती. कार्ड टाकता आलं असतं, तेही टाकलं नाही. लाज वाटली की माणूस कसा आळशी होतो, बघा.

महिन्याभरानं मिस्त्रीचं कार्ड आलं: मालकाला घेऊन या, वाद्य बंद करायचं आहे. तबली, म्हणजे पुढची फळी, तो मालक समोर असल्याशिवाय चिकटवत नसे. गाडीत बाबा लहान पोरासारखे खुशीत होते. "आज बापाचा आवाज ऐकीन," म्हणाले. "अन् उघडं हाय तर कागदबी वाचून घेतो." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. 

मिस्त्रीनं पांढऱ्या धोतरात झाकून ठेवलेलं वाद्य पुढे केलं आणि धोतर बाजूला केलं. माझा भोपळा, तुपासारखा चोपडा घासलेला, बापाच्या मानेला असा बसवला होता की जन्मतःच एकत्र असावेत. काम बघून माझेही डोळे विस्फारले. बाबांचे मात्र तसेच राहिले, थिजलेले.

"पाठ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"काढली ना जी. पोकळ झालती पार. आता पाहा, शंभर वर्षं जाईन."

"अन् कागद?"

"होता. देवाचं कायतरी लिहेल दिसलं, म्हणून हात नाई लावला. तसाच सोडला."

"कुठं सोडला?"

"मोर्णेत," मिस्त्री म्हणाला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "वाद्याचं लाकूड आमी चुलीत घालत नाई जी. कोणाच्या तरी हाताचं असते थे. गुरुवारी न्हालो, नेलं, फुलं वाहिली, नारळ फोडला अन् पाण्यात सोडलं. नदी भरून चाललीच होती. हात जोडले, म्हटलं, ज्यानं केलं त्याले सुखी ठेव."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तरी बोललो. म्हणालो, "बाबा, मिस्त्रीचा दोष नाही. तुम्ही सांगितलं ते मी त्याला सांगितलंच नाही. कागदाचंही नाही. माझ्या भोपळ्याच्या मिजाशीपायी झालं." आणि मिस्त्रीला त्या कागदाचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कानामागची पेन्सिल काढून त्यानं खाली ठेवली. "अबे," तो मला एवढंच म्हणाला, "माह्या हातून कोणाचा बाप वाहवला तू!"

 बाबांनी विचारलं, "फुलं कोणती होती?"

"आं? घरचीच. तगर अन् जास्वंद."

"संगं कोण होतं?"

"बायको अन् दोघं पोट्टे."

बाबांनी चार बोटं उघडली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "चार झाले," म्हणाले. "मंग चार खांदे भेटले त्याले." आणि एवढा मोठा माणूस दुकानातल्या भुशावर मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. समुद्रापलीकडे मेलेल्या सुताराला आमच्या मोर्णेच्या काठी, नाव-गाव ठाऊक नसलेल्या चार माणसांनी आंघोळ करून, नारळ फोडून निरोप दिला होता! आणि कोणासाठी करतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही हे लिहिताना येतो.

मला वाटलं, आपण सुटलो. तेवढ्यात डोळे पुसून बाबा माझ्याकडे वळले. "तुह्यावर राग हाय माहा," म्हणाले. "राहीन बी काही दिवस." मी मान खाली घातली.

मिस्त्रीच्या बायकोनं चहा आणला तेव्हा कुठे दुकानात वारा खेळला. मिस्त्री म्हणाला, आत कागद होता तर पुन्हा कागद पाहिजे, वाद्य रिकामं बंद करणार नाही. पण लिहायचं काय? बापाची ओळ कोणालाच ठाऊक नव्हती. बाबा म्हणाले, घरी बहीण आहे, तिला ठाऊक असेल तर पत्र घालून विचारतो. पण उत्तर यायला महिने जातील, आणि तबली चिकटवायचा सरस तर विस्तवावर चढला होता. तेवढ्यात कोपऱ्यात सतार घेऊन बसलेल्या वकीलसाहेबांना मिस्त्रीच्या पोरानं विचारलं, चहा घेता का? ते खुंटीवरची नजर न काढता म्हणाले, "थांबा, लावून राहिलो."

बाबांनी झटकन मान वर केली. "हे काय हाय?"

मिस्त्रीनं सांगितलं, सतारवाल्यांचं ब्रीद. बाबा हसले, डोळे ओलेच होते. मग पंडितानं श्लोक सोडवावा तसे ते आमच्या त्या येड्या वाक्यामागे लागले. मी आयुष्यात असं कोणाला पाहिलं नव्हतं. आमच्या तोंडचं रोजचं बोलणं, आणि हा माणूस त्याला हिऱ्यासारखं उजेडात फिरवून पाहतो आहे!

"किती वेळ थांबाचं?" त्यांनी विचारलं.

"ऐकणारा उठून जाईपर्यंत," मिस्त्री म्हणाला.

"अन् खरंच लावून राहिलेले असता?"

मिस्त्री थोडा घुटमळला. "नाई जी. कधी कधी सूर लागलेला असते. पण वाजवाची भीती वाटते ना. म्हणून लावत बसतो." वकीलसाहेबांनी हे ऐकलं आणि खुंटी पिळायचे थांबले.

"कागदावर हेच लिहितो, लॅटिनमधी. मी लिहू का आमी?" बाबांनी विचारलं.

"आमी लिहा. एक जण खुंटी पिळते, दुसरा कान देते. एकट्याचं काम नाई थे."

बाबांनी दौत-टाक मागितला. पहिला शब्द लिहिला आणि हात तिथंच थांबला. मी वाकून पाहिलं. मला त्यांची अक्षरं वाचता येत नव्हती, पण हा एक शब्द मी जाळीतून कितीदा पाहिला होता. मानेते. थांबा. बापाच्या ओळीचा पहिला शब्द आणि आमच्या ओळीचा पहिला शब्द एकच! मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. रागावलेले होते तरी मला म्हणाले, "पाह्य." मग पुढचं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: मानेते, कोर्दास तेन्दिमुस. थांबा, आम्ही तारा लावतो आहोत. अकोल्याच्या गल्लीतलं वाक्य त्यांच्या देवळातल्या भाषेत असं काही भारदस्त वाजलं की वकीलसाहेबांनी नकळत हात जोडले.

कागद भोपळ्यात चिकटवला. मग मिस्त्री म्हणाला, आता मालकानं आत काहीतरी बोलायचं, ही आमची रीत आहे. मग मी बंद करतो. बाबांनी दाढी बाजूला धरली, भोपळ्यावर ओणवले आणि आपल्या भाषेत हळू काही बोलले. बरंच बोलले. आम्ही तिकडे पाहिलं नाही. मिस्त्रीनं तबली बसवली.

चार दिवसांनी सरस पक्का झाला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. तारांची पंचाईतच होती. जाड तारा मिस्त्रीनं पिंजाऱ्याकडून आणल्या. कापूस पिंजायच्या धनुकलीला आतड्याचीच तात लागते, आणि आमच्या मुलखात कापसाला तोटा नाही. मधल्या तारा एका सारंगीवाल्याकडून मिळाल्या. पण तेरावी, सगळ्यात बारीक, केसाएवढी, ती काही वऱ्हाडात मिळेना. ती जागा मोकळी ठेवली. बाबांनी बहिणीला पत्र घातलं: एक तार पाठव, आणि बापाची ओळ ठाऊक असेल तर कळव.

बारा तारा लावायला दुपार गेली. एक चढवावी तर दुसरी उतरे. मिस्त्री खुंटी पिळायचा, बाबा कान द्यायचे, मग उलट. गल्लीतले लोक दारात जमले, कोणी विचारलं की दोघंही एका सुरात, "थांबा, लावून राहिलो!" शेवटी बाबांनी अंगठ्यानं एक जाड तार छेडली.

काय सांगू तो आवाज! पिंजाऱ्याची तात, माझा भोपळा, त्या सुताराची फळी. विहिरीत डोकावून कोणाला हाक मारावी आणि खालून पाण्यानं ओ द्यावी, तसा तो उठला आणि बराच वेळ खाली बसलाच नाही. मी हा भोपळा बोराएवढा असताना पाहिला होता, आठ-आठ दिवसांनी फिरवला होता. त्याच्या आत हे होतं? माझा भ्रमाचा भोपळा त्या क्षणी फुटला. आपण पिकवतो ते काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, हे मला तिथं कळलं.

बाबांनी तार हातानं थांबवली. "हा माह्या बापाचा आवाज नाई," ते म्हणाले.

मिस्त्रीची मान खाली गेली, माझी आधीच होती.

"कोणाचा हाय थे मले ठाऊक नाई," बाबा म्हणाले. "ऐकून ऐकून होईन ओळख." आणि वाद्य गोधडीत गुंडाळून त्यांनी स्वतः उचललं, माझ्याकडे दिलं नाही.

पाऊस सरला, दिवाळी झाली. बाबा रोज पडवीत वाजवत, बारा तारांवर. माझ्याशी बोलत, पण मोजकं. मी वेलांना पाणी देताना ऐकायचो आणि कागद कुठवर वाहत गेला असेल असा विचार करायचो. पुढे पूर्णा नदीला मिळाला असेल का? काही उपयोग नव्हता त्या विचाराचा.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी बाबा हातात पाकीट घेऊन कुंपण ओलांडून आले. विहिरीच्या काठावर बसले, मला शेजारी बसवलं. पाकिटात बहिणीचं पत्र होतं आणि एक बारीक तार, वेटोळं करून कागदात ठेवलेली. बापाच्या पेटीत तेवढीच उरली होती. पत्र त्यांनी मला सांगत सांगत वाचलं. बहिणीला ओळ ठाऊक होती, कारण बाबांनी घर सोडल्यावर बाप ती आपल्या बोलीत रोज म्हणायचा. आई जेवायला हाक मारायची आणि तो खुंटीवरून मान न उचलता म्हणायचा. आई गेल्यावर बहीण हाक मारायची, तिलाही तेच. शेवटच्या दिवशी तिनं रस्सा घेऊन उठवलं, तेव्हाही डोळे न उघडता तेच म्हणाला.

मानेते, ऊना कोर्दा रेस्तात. थांबा, एकच तार राहिली.

 बाबांनी वेटोळं सोडलं, एक टोक मला धरायला दिलं. किती दिवसांनी त्यांनी माझ्या हातात काही दिलं होतं! त्यांनी तार खुंटीत ओवली आणि हळूहळू पिळायला लागले. वेलावर एक उशिराचं फळ होतं, कोवळं. पिळता पिळता त्यांनी बोट मुडपून ते मला दाखवलं, हे फळ टिकून राहीन का म्हणून. मी म्हणालो, राहीन.

घरातून मायची हाक आली. "चला ना जी दोघंबी, भाकर थंडी होऊन राहिली!" आम्ही हललो नाही. माय ताट घेऊन दारातच आली, कपाळाला आठ्या. तिला पत्राचं काही ठाऊक नव्हतं.

बाबांनी मान उचलली नाही. म्हणाले, "थांबा माय, एकच तार राहिली."

मायनं ताटावर दुसरं ताट झाकलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली.